निवड यादीतला शेवटचा

भेटण्याआधीच त्याचा बैठक क्रमांक मला तोंडपाठ होता. निवड यादीत तो शेवटचा, प्रतीक्षा यादीत मी पहिली. तो रुजू झाला नाही, तर जागा माझी. म्हणून दोन महिने मी रोज मनोभावे त्याचं भलं चिंतत होते... त्याला याहून चांगली नोकरी लागावी.

एका सोमवारी चौकशीच्या खिडकीपाशी माझ्या पुढच्या माणसाने नेमका तोच क्रमांक सांगितला.

“ऑर्डर निघाली नाही. पुढच्या सोमवारी या,” खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

“तुम्ही रुजू होणार आहात का?” माझ्या तोंडून निघून गेलं.

तो वळला. “ओळख ना पाळख, आणि थेट हा प्रश्न?”

“मी प्रतीक्षा यादीत पहिली.”

“अच्छा... म्हणजे माझ्या जागेवर डोळा ठेवून बसलेल्या त्या तुम्ही.”

तो हसला. हसताना त्याचा डावा डोळा जरा जास्त मिटतो, हे मी उगाचच बघून ठेवलं.

घरी आत्याने त्याच्यासाठी नकारपत्र टाईप करून ठेवलं. त्याने लेखी नकार दिला, तरच माझा नंबर लागणार होता. नाहीतर जागा तशीच अडकून राहते आणि वर्ष संपलं की यादीच रद्द होते.

“गोड बोल आणि सही घे,” आत्या म्हणाली.

गोड बोलायला मी सुरुवात केली. सहीचं मात्र राहून गेलं. दर सोमवारी तो बाकावर फाईल ठेवून माझी जागा धरायचा. मी पेन हमखास विसरते म्हणून दोन पेनं आणायचा. ऑर्डर काही निघत नव्हती, आणि मला याचं पूर्वीइतकं वाईट वाटेनासं झालं.

यादीचं वर्ष शुक्रवारी संपणार होतं. त्या सोमवारी तो म्हणाला, “दुसऱ्या खात्याचा निकाल लागला. झाली निवड.”

इतके महिने हेच तर हवं होतं मला. मग आनंद का होईना? मी पर्समधून नकारपत्र काढलं. घड्यांवर ते फाटायला आलं होतं.

“हे आत्याने टाईप केलेलं, पहिल्या आठवड्यापासून माझ्याकडे आहे. पण सही करू नका. तिथली ऑर्डर अजून तुमच्या हातात नाही.”

त्याने शांतपणे वाचलं. “आत्याचं मराठी चांगलं आहे,” म्हणाला, आणि सही करून कागद आत देऊन आला.

“वेडे आहात का? तिथली ऑर्डर आलीच नाही तर?”

“तर सोमवारचा चहा तुमच्याकडे.” मग फाईल बंद करत — “एक विचारायचं होतं. पण आज नको. आज विचारलं तर सहीची किंमत मागितल्यासारखं होईल.”

मला त्याचा भयंकर राग आला होता, आणि मी त्याच्या प्रेमात होते. दोन्ही एकदमच.

महिन्याभरात मी रुजू झाले. त्या बाईंची बदली झाली आणि चौकशीची खिडकी माझ्याकडे आली. त्याची ऑर्डर मात्र पाच महिने आली नाही. माझा पगार सुरू झाला, त्याचं घरी बोलणी खाणं सुरू झालं. वडिलांनी तर अबोलाच धरला. सोमवारी तो चहाला यायचा, इकडचं तिकडचं बोलायचा. ते सोडून काहीही विचारायचा. पगाराच्या दिवशी मला त्याच्याकडे बघवत नसे.

मग एका सोमवारी अकरा वाजता तो रीतसर रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्याने खिडकीतून एक कागद आत सरकवला. त्याची ऑर्डर होती. नेमणुकीचं गाव इथून सहा तासांवर.

“आता विचारू?”

“विचारा.”

“लग्न कराल माझ्याशी? घाई नाही... पुढच्या सोमवारी येतो.”

त्या खिडकीतून मी आजवर प्रत्येकाला पुढचा सोमवारच दिला होता.

“सोमवार कशाला,” मी म्हटलं. “हो.”

मागचे काका पुढे वाकले. “यांचं काम बरं एवढ्यात झालं?”

“सव्वा वर्ष लागलं, काका,” तो म्हणाला, आणि त्यांना जागा करून देत बाजूला झाला.