भटूच्या कमरेवरच्या चार खुणा

कंदील जरा बारीक करा रे. आणि उदेसिंग, हसायचं असेल तर घरी जाऊन हस. छकडा मीच हाकत होतो त्या रात्री.

सन शहाऐंशी, तीन वर्षं झाली. आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, परवावर आलेली, आजच्यासारखीच काळोखी रात्र. आपल्या कोरीटच्या भटूला मुंबईची गाडी धरायची होती, म्हणून मी त्याला नंदुरबार स्टेशनावर सोडायला निघालो.

त्याची थोरली बहीण मीनाक्का मुंबईच्या दवाखान्यात होती. रक्ताचा कॅन्सर. डॉक्टर नवाच इलाज करून बघत होते. औषध इतकं जहाल की रोगाबरोबर हाडांतला मगजही जळून जातो. मग भावाच्या कमरेच्या हाडातून सुईने मगज काढायचा आणि बहिणीच्या शिरेत सोडायचा. भटूचं रक्त तपासलं होतं, जुळलंही होतं. औषध देऊन झालंय, ताबडतोब या, अशी तार आली. तो पोचला नाही तर ती वाचत नव्हती.

मीनाक्का जाताना त्याला म्हणाली होती, "आखाजीले माले लेवाले ये. तू नही उना ते मीच येसू." न्यायला नाही आलास तर मीच येईन, असं.

निघताना भटूच्या आईने, गजराबाईने, छकड्याचं चाक धरलं. "पोऱ्याना हाडमा सुई? आखाजीनंतर नांगर कोन धरी? पोर ते दिल्या घरनी." म्हातारी वाईट नव्हती रे, भ्यायली होती.

अर्ध्या वाटेत भटू म्हणाला, "छकडा फिराव, नवलदादा."

"अरे, तुन्ही बहीन मरी जाई तठे." मी खूप शिव्या दिल्या. तो नुसता रडत होता. शेवटी फिरवला मी. ते मला आजही डाचतं.

साडेअकरा झाले असतील. बैल एकाएकी जड चालायला लागले. आम्ही दोघंच, तरी त्यांच्या तोंडाला फेस. मग वास आला... दवाखान्यातल्या स्पिरिटचा.

"दादा... मांगे कोन बशेल शे?"

मी मागे पाहिलं नाही.

भटू कण्हला. पुन्हा कण्हला. चार वेळा.

"आक्का... हळू..."

मग काहीच नाही. बैल हलके झाले.

सकाळी तार. मीनाक्का रात्रीच गेली होती.

भटूला उठवेना. तसंच मी आणि गजराबाईने त्याला नंदुरबारला नेलं, ज्या डॉक्टरने मीनाक्काला मुंबईला धाडलं होतं त्याच्याकडेच. त्याने धोतर सरकवून पाहिलं. कमरेच्या हाडावर सुईची चार भोकं.

"दिलास ना मगज? बरं केलंस," डॉक्टर म्हणाला. "कशी आहे आता बहीण?"

गजराबाई तिथेच खाली बसली.

परवा आखाजी. आज दुपारी भटू माझ्याकडे विळा मागायला आला होता. जाताना पाठमोरा झाला, तेव्हा दिसलं... कमरेपाशी धोतरावर रक्ताचे चार ठिपके. ओले.