पडद्याआडची मिस्त्री

“मिस्त्री, अहो सुई मोडली की! हात बघा तुमचे कसे थरथरतायत...”

शिंपीणबाई भर दुकानात मोठ्यांदा बोलल्या आणि पडद्यामागे मिस्त्रींच्या सुनेच्या काळजात चर्र झालं! तीन वर्षं जिवापाड जपलेलं सासऱ्यांचं गुपित आज चव्हाट्यावर येणार...

त्यांच्या बोटांना कंप सुटला तेव्हापासून पंचक्रोशीतली शिलाई मशीनं तीच आतल्या खोलीत दुरुस्त करत होती. मिस्त्री बाहेर स्टुलावर बसून कौतुक झेलायचे. ‘पुढे ये’ असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि तीही बोलली नाही. बाईमाणसानं फार पुढं पुढं करू नये, हे तिच्या अंगात लहानपणापासून इतकं मुरलेलं की चार माणसांसमोर तोंडातून शब्द फुटायचा नाही. दुपारी मिस्त्री कोपऱ्यात आडवे होऊन डुलकी घेत असले की मात्र ती हळूच त्या स्टुलावर बसून बघायची... आणि जरा खुट्ट झालं की ताडकन उठायची!

“कालच नेलं मशीन, आज पुन्हा टाके सोडतंय,” शिंपीणबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरूच होता. “आता पुरे करा म्हातारबा! मी शहरातून माणूस आणते.”

सासऱ्यांची मान खाली गेली. तिला ते बघवेना. पडदा सारून ती बाहेर आली.

“बाई, त्यांना बोलू नका... काल मीच त्यांच्या नकळत हात लावला. मीच बिघडवलं!”

“खोटं बोलतेय ती!” मिस्त्री एकदम कडाडले. “तीन वर्षं हिनंच सगळी मशीनं केली, बाई. शाबासकी मात्र मी लाटली!” ते स्टुलावरून उठले. “पोरी, दुपारी चोरून इथं बसतेस ना? सगळं दिसायचं मला... मी झोपेचं सोंग घ्यायचो. हे स्टूल सुटत नव्हतं गं माझ्याच्यानं! चुकलो मी.”

“बाबा, असं नका बोलू!” तिचे डोळे भरून आले. “मला नाही जमणार इथं बसायला...”

“मशीन तर बघशील?”

मशीन म्हटल्यावर तिचे हात आपोआप पुढे झाले. मशीनमध्ये अडकलेलं मोडक्या सुईचं बूड तिनं निरखून बाहेर काढलं.

“बाई, काल घरी नेल्यावर सुई बदललीत?”

“हो, नवी घातली!”

“उलटी घातलीत. सुईची चपटी बाजू चुकीच्या दिशेला आलीय.”

नवी सुई सरळ बसली आणि चिंधीवर टाके सरसर, एकसारखे पडत गेले. शिंपीणबाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगंबाई! आणि मी मेली इथं येऊन तोफा डागतेय!” तिघंही हसली, डोळे पुसत हसली. हसता हसता आपण स्टुलावर कधी बसलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

मिस्त्रींनी त्याच दिवशी पडदा काढून टाकला. आता ते आतल्या खोलीत सुटे भाग पुसत बसतात. परवा एक नवखं गिऱ्हाईक दारातून डोकावलं, तिला ओलांडून आत बघत म्हणालं, “मिस्त्री आहेत का?”

तिनं सवयीनं आत वळून पाहिलं. म्हातारा जागचा हलला नाही.

मग तीच म्हणाली, “आहे ना. या, बसा.”