दादाच्या कपड्यांची बॅग

आमचा धंदा पंचिंग बॅगा शिवण्याचा. जाड कॅनव्हास, दुहेरी टाका आणि आत जुने कपडे ठासून भरायचे. भरण्याआधी बटणं, चेन कापून काढाव्या लागतात, नाहीतर मारणाऱ्याची बोटं फुटतात. ते काम वहिनीचं, शिलाई माझी आणि भरणं दादाचं. त्याच्याइतकं घट्ट ठासणं कोणाला जमत नसे.

दादाला एका संध्याकाळी भर बाजारात चौघांनी लाथाबुक्क्यांनी मारून टाकलं. कारण काय, तर त्यांच्या गाडीला धक्का लागला. लोक बघत उभे राहिले. वहिनी पोहोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं.

त्यानंतर घरात जिकडे बघावं तिकडे तोच. दारामागचा शर्ट, त्याच्या पाठीने काळवंडलेली भिंत, एका बाजूने झिजलेली चप्पल. वहिनीला ते बघवेना. तिने त्याचे सगळे कपडे गोळा केले, सवयीने बटणं कापली आणि एका बॅगेत भरून तोंड शिवून टाकलं. आमच्या बॅगा सगळ्या सारख्याच दिसतात. व्यायामशाळेची ऑर्डर टेम्पोत चढवताना तीही मी चढवली. ती बॅग कुठे गेली, असं वहिनीने विचारलं तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

त्याच संध्याकाळी ती चहा गाळता गाळता पोट धरून खाली बसली. पातेलं उलथलं. मग तिचं डोकं एका बाजूला फेकलं गेलं आणि ओठ फुटला. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, आणि मी दारापाशी.

दुसऱ्या संध्याकाळी तेच. तिसऱ्या संध्याकाळी बरगडी मोडली. डॉक्टरांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भुताखेतांच्या गोष्टींना मी हसणारा माणूस. पण व्यायामशाळेत पोरं संध्याकाळीच येतात, हे मलाही कळत होतं. बॅग परत आणतो, असं मी वहिनीला सांगितलं.

"आणू नका, भावोजी," ती म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द नीट फुटत नव्हते. "तेव्हा ते एकटे होते. आता मी आहे ना."

मला संताप आला. दादा गेला, आता हिलाही हातची घालवायची का? आणखी एक घाव बसला तर बरगडी फुफ्फुसात घुसेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तसाच निघालो.

पोरं अजून हातांना पट्ट्या गुंडाळत होती. एक बॅग चुकून जास्तीची आली, असं मी कोचला सांगितलं.

"ती होय? जागाच नव्हती, टांगलीच नाही आम्ही."

"म्हणजे तिला कोणी मारलं नाही?"

"हातसुद्धा लावला नाही."

बॅग मागच्या खोलीत भिंतीलगत आडवी पडली होती. मी उचलायला वाकलो.

ती दुमडली. गुडघे पोटाशी घेऊन माणसाने डोकं झाकावं, तशी.

"दादा, मी आहे रे."

ती सैल पडेना. कॅनव्हास अंगासारखा गरम लागत होता. मी तिच्यावर ओणवा झालो आणि दोन्ही हातांनी मिठी घातली.

पहिली लाथ माझ्या पाठीत बसली.

मी वळून पाहिलं. खोली रिकामी होती.

मिठी मी सोडली नाही. थोड्या वेळाने चौघांचा मार मला वेगवेगळा ओळखू येऊ लागला. त्यातला एक डावखुरा होता.