ताऱ्याशिवायचं आकाश

अंधुक तारा थेट पाहिला तर दिसत नाही. नजर जरा बाजूला ठेवली की डोळ्याच्या कोपऱ्यातून तो हळूच लुकलुकतो. हे कसब शर्मिष्ठाला आजोबांनीच शिकवलं होतं. मग आज तो तारा तिला दिसत असताना आजोबांना का दिसेना?

"आरशावर धूळ बसलीय," दुर्बिणीपासून बाजूला होत दिनानाथ आजोबा म्हणाले.

"परवाच पुसला की आपण!"

"मग खालच्या गावातले दिवे आडवे येत असतील."

"मला नाही येत आडवे."

"तुझी जीभ तेवढी आडवी येते, शमे!"

डोंगरमाथ्यावरच्या त्या वेधशाळेत आता दोघंच राहत होती. तारे अवकाशातल्या दुर्बिणी पाहत, शास्त्रज्ञ घरी बसून पडद्यावर काम करत. भोजनगृहातल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या, दोनच सुलट्या. शर्मिष्ठाची आई, म्हणजे आजोबांची लेक, मंगळाच्या वाटेवरच्या यानात होती. तिचं उत्तर यायला इतका वेळ लागे, की आजोबा तिला निरोप पाठवणंच टाळत.

आजोबांना तो तारा महिनाभर सापडला नाही, तेव्हा शर्मिष्ठाने फिरत्या नेत्रतपासणीचा यंत्रमानव बोलावला. एकटक बघायचा म्हणून गावातल्या पोरांनी त्याचं नाव टकमक ठेवलं होतं.

"समोरच्या ठिपक्यावर नजर रोखा," टकमक म्हणाला. "बाजूला दिवा चमकला की बटण दाबा."

उजव्या डोळ्याची पाळी आली. दुर्बिणीला आजोबा हाच डोळा लावत. दिवे चमकत होते. वरच्या बाजूचे चमकले, तेव्हा आजोबांचा अंगठा हललाच नाही.

"काचबिंदू (दृष्टीची नस झिजवणारा आजार)," टकमक म्हणाला. "डोळ्याच्या पुढच्या भागात सतत पाणी झरतं. अश्रू नव्हेत, हे आतलं पाणी. बुबुळाच्या कडेला असलेल्या बारीक जाळीतून ते वाहून जातं. जाळी तुंबली की दाब वाढतो आणि मागची नस झिजते. बहुधा कडेची नजर आधी जाते."

"मोरी तुंबते तशी?" शर्मिष्ठाने विचारलं. "मग खराट्याची काडी घाला की!"

आजोबा हसले नाहीत. "पण मला डाग कुठे दिसला?"

"दिसत नाही. दुसरा डोळा सावरून घेतो. एकच डोळा उघडा असला, तरी मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या चित्राने भरतो."

"म्हणजे मला आकाशच दिसत राहिलं," आजोबा हळू म्हणाले. "फक्त ताऱ्याशिवायचं."

"आता काडीऐवजी लेसर (एकाच रंगाच्या प्रकाशाचा अगदी सरळ झोत) वापरू."

"पोरांनी एकमेकांच्या डोळ्यांवर लेसर मारला तर मी कान उपटतो! तू माझ्याच डोळ्यात सोडणार?"

"कान उपटता ते बरोबरच आहे. तो झोत थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडतो. माझा आरशाच्या भिंगातून वळून फक्त जाळीवर पडेल, आणि तोही पापणी लवायच्या कितीतरी आधी विझेल. जाळीतल्या रंगीत पेशींना जणू टिचकी बसेल. मग शरीरातल्या सफाईच्या पेशी धावून येतील आणि पाणी वाहू लागेल."

"गेलेली नजर परत येईल?"

"नाही."

टकमकच्या आवाजात मऊपणा नव्हता. आजोबांना ते बरं वाटलं.

"उरलेली राखता येईल," तो पुढे म्हणाला. "दाब पुरेसा उतरला नाही तर थेंब घालावे लागतील. काही वर्षांनी कदाचित पुन्हा लेसर."

आजोबांनी खिडकीबाहेर पाहिलं. शर्मिष्ठा त्यांच्या शेजारी येऊन बसली.

"बरं," ते म्हणाले, "हनुवटी कुठे टेकवू?"

डोळा बधिर करणारे थेंब घातले. शहरातल्या डॉक्टरीणबाई पडद्यावरून लक्ष ठेवून होत्या. हिरव्या ठिणग्या चमकल्या, बारीक टकटक झाली आणि चहा उकळायच्या आत सगळं आटोपलं.

काही आठवड्यांनी टकमक पुन्हा दाब मोजायला आला. दाब उतरला होता.

"एक राहिलं," तो म्हणाला. "हा आजार रक्ताच्या नात्यात उतरू शकतो. तुमच्या मुलांनीही डोळे तपासून घ्यायला हवेत."

त्या संध्याकाळी आजोबांनी संदेशयंत्र सुरू केलं. घसा खाकरला.

"बाळे, यानातल्या डॉक्टरांना डोळ्यांचा दाब मोजायला सांग. दुखत नाही म्हणून टाळू नकोस. मी तेच केलं."

निरोप निघाला. उत्तर यायला अवकाश होता. आजोबांनी पुन्हा बटण दाबलं.

"आणि शमीचा पुढचा दात पडलाय. हसली की भलतीच लबाड दिसते..."

उत्तराची वाट न पाहता ते बोलतच राहिले. शर्मिष्ठाने आपली खुर्ची जवळ ओढली.