पावण्याला जाणारी गाडी

दुपारच्या शांततेत खाटेखालून बारीक आवाज सुरू झाला – टिक्... टिक्... टिक्. उंदीर नव्हे. इंजिन रुळांच्या सांध्यांवरून चाललं होतं. म्हणजे बंडू जागा झाला होता, आणि मला न विचारता बटण फिरवून मोकळाही झाला होता.

त्याची झोप हाच काय तो माझा लिहिण्याचा वेळ. पालथ्या परातीवर कागद ठेवून बसायचं आणि तो कुशीवर वळला की थांबायचं. पण आज गाडी चालू आहे तोवर तो काही मागणार नाही. मी लिहीत राहिले.

आमची नावड्याची खोली लहान. म्हणून खाटेच्या पायांखाली विटा लावून खाट उंच केली आणि बंडूच्या बाबांची रेल्वे खाली सरकवली. फळीवर बसवलेली, रूळ पितळेच्या पट्टीचे, इंजिन तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं. पाहुण्यांना ती खेळणं वाटते. मी काही बोलत नाही. त्या रेल्वेतूनच मी या घरात आले आहे.

तेव्हा मी पावण्यात राहत होते आणि वाशीच्या एका बालवाडीत शिकवत होते. पंधरा ऑगस्ट तोंडावर आला होता. पताकांचे कागद शाळेच्या कपाटात राहिले होते, म्हणून रविवारी गेले. श्रावणातली सर नुकतीच ओसरली होती. छत्री ठिबकत होती. पुढचं दार आतून बंद, तेव्हा मागच्या दाराने शिरले – आणि समोर अख्खं गाव. टेबलावर.

पण ते मला पाठीमागून दिसत होतं. घरं होती, कौलं होती, पण माझ्या बाजूने नुसते पुठ्ठे. आतून काड्यांचे टेकू, डिंकाचे ओघळ. एका घराच्या पोटात साबणाच्या खोक्यावरची बाई दात दाखवून हसत होती.

"या घरांना मागची बाजूच नाही," मी म्हणाले. मला वाटलं, मनात म्हणाले.

रुळांवर वाकलेलं एक डोकं वर आलं. कपाळाला हिरवा रंग, कानावर पेन्सिल.

"मागून कोण बघतं?"

"मी बघतेय की."

"तुम्ही चुकीच्या दाराने आलात."

"आमच्या गावात सगळे याच दाराने येतात. पुढच्या दाराने फक्त सोयरे आणि तलाठी."

तो हसला. हसताना त्याने कपाळावरचा रंग पुसला आणि तो नाकावर आला. मला हसू आवरलं नाही... हे मी आज मान्य करते. त्या दिवशी मी खोकल्याचं निमित्त केलं होतं.

खोलीत आणखी चार-पाच जण होते. सगळे रेल्वेची मॉडेलं करणारे; रविवारी शाळेची खोली त्यांना मिळायची. त्यांच्यातले वडील म्हणजे पंढरीकाका, कल्याणचे निवृत्त गार्ड. त्यांनी मला खुर्ची दिली नाही, आधी प्रश्न दिला.

"नाव, गाव, लाईन! आमच्याकडे पाय टाकला की हे सांगावं लागतं. राहता कुठे आणि जवळून कोणती गाडी जाते?"

"मी कागद न्यायला आलेय."

"कागद कुठे पळतात? भगवान, तू सांगून दाखव रे बाईंना, कसं सांगतात ते."

हिरव्या नाकाचा माणूस सरळ उभा राहिला. "नाव भगवान. मूळ गाव महाडकडचं, राहणार नावडे, नोकरी पावण्याच्या एका वर्कशॉपमध्ये. लाईन दिवा-पनवेल. एकेरी. गाड्या इतक्या कमी की सकाळच्या गाडीवर रुसलं तर संध्याकाळपर्यंत समजूत काढायला कोणी येत नाही. पण येते तेव्हा आमच्या खोलीतली भांडी वाजतात. आईला वाटतं, मीच काही पाडलं."

"आता तुम्ही," पंढरीकाका म्हणाले.

"नाव नंदिनी. राहणार पावणे. लाईन... नाही. ठाण्याला, पनवेलला, सगळीकडे आहे म्हणतात. आमच्याकडे नाही."

"मग घरातून दिसतं काय?"

"मागल्या दारातून खाडी. भरती येते, ओहोटी जाते. रोज वेळ बदलते, पण लेट कधी होत नाही."

मग पंढरीकाका म्हणाले, "बसा." आणि खुर्ची भगवानने पुढे केली. स्वतःची.

मी रविवारी जाऊ लागले. पताका कधीच्या लागून उतरल्या होत्या. कारण सांगायचं तर त्यांना डोंगरासाठी कागदाचा लगदा हवा होता, आणि बालवाडीच्या बाईइतका लगदा कोण करतं? भगवानच्या टेबलावर नावड्याचा रूळ एका कोपऱ्यात येऊन संपत होता. पुढे कोरी फळी.

"इथे काय?" मी विचारलं.

"इथे तुमचं गाव बसेल. घर सांगा."

"पुढे ओटी. ओटीवर बाबांची आरामखुर्ची. मागे परस, चूल, सुकवायची जाळी... आणि मागलं दार. ते सहसा लागत नाही. पावसाळ्यात फुगतं म्हणून, आणि आई लावत नाही म्हणूनही."

"ऐकून नाही जमणार. आमचा नियम आहे – डोळ्यांनी पाहिलं तेच करायचं."

"मग पाहा की. अडवलंय कोणी?"

हे मी सहज म्हणाले. तो खरंच आला. ओहोटीच्या वेळी बांधावरून चालत, विजार गुडघ्यापर्यंत दुमडून, थेट आमच्या परसात. आई – मालतीबाई तिचं नाव – सुकट पसरत होती.

"कोन रं तू? सुकट पायजे काय?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तुळशीकडे पाहिलं.

"हो... सुकट," तो म्हणाला.

आई मापाने घालत होती आणि हा दाराची चौकट वितीने मोजत होता. पुढल्या रविवारी परत आला – छपराचा उतार राहिला होता. त्याच्या पुढल्या रविवारी खिडकी. आई मला म्हणाली, "नंदे, ह्यो पोरगा सुकट नेतो का घर नेतो?"

तिकडे नावड्यात त्याची आई, मुक्ताबाई, डबे भरून वैतागली होती. तिने विचारलं म्हणे, "भगवान, एवढी सुकट आणतोस, त्यापेक्षा सुकटवालीच्या पोरीलाच आण ना." हे त्याने मला सांगितलं नाही. पंढरीकाकांनी सांगितलं, सगळ्यांसमोर. भगवान रुळाचा खिळा ठोकत होता. तो खिळा वाकला.

घर झालं. चारी भिंतींचं. टेबलावरचं एकच घर, ज्याला मागची बाजू होती. आणि ती मागची बाजूच त्याने बघणाऱ्यांकडे केली. ओटी गेली पलीकडे.

गावाभोवती मिठागर मी केलं. बाबांचं मिठागर सरकारने जमिनीबरोबर घेतलं होतं. मला त्याच्या राशी पाठ होत्या. खरं मीठ आणलं, छोट्या छोट्या राशी लावल्या. सुंदर दिसलं. आठवड्याने इंजिन माझ्या गावापाशी आलं आणि रूळ संपायच्या थोडं अलीकडेच थांबलं. पुन्हा सोडलं, पुन्हा थांबलं. मिठाला पाणी सुटलं होतं, पितळेवर हिरवं चढलं होतं.

"बाई, गाडी तुमच्याच गावात येऊन बसते. उठत नाही."

"मीठ काढा मग."

"आणि काय घालू? रवा? मुंग्या लागतील."

"रांगोळी घाला."

"घालू," तो म्हणाला. घातली मात्र नाही. दर रविवारी रूळ घासायचा, दर रविवारी गाडी थांबायची, आणि ती पुढे ढकलायला दोघांची बोटं लागायची. एकाचंही पुरलं असतं.

मग दिवाळीनंतर त्यांचं प्रदर्शन भरलं. मी नेहमीसारखी तिथे गेले आणि पाहिलं, तर नावड्याचा रूळ कोपऱ्यात संपत नव्हता. पुढे आला होता, मिठागराला वळसा घालून, आमच्या मागल्या दारापर्यंत. दारात काडीएवढी एक बाई. हिरवं लुगडं.

पंढरीकाका चष्मा पुसत होते. "भगवान, ही लाईन कुठली? नकाशात दाखव मला. जी नाही ती करायची नाही, हा नियम तुझ्यासमोर झालाय."

"नाही आहे, काका. टाकतोय."

"कोणाला विचारून?"

तो त्यांच्याकडे बघत नव्हता. "अजून विचारलं नाही," तो म्हणाला. "आता विचारतोय."

खोलीत पंखा फिरत होता. मी त्या काडीएवढ्या बाईकडे बघत राहिले.

"ही कोण?" मी विचारलं.

"गाडीची वाट बघतेय."

"तिला सांगा... इतकं दारात उभं राहू नये. लोक बघतात." आवाज माझाच होता, पण मला तो ओळखीचा वाटला नाही. "आणि लुगडं हिरवं नको होतं. मला निळं आवडतं."

त्याने खिशातून ब्रश काढला. घाईघाईत वाकला. निळा रंग अर्धा बाईवर आणि अर्धा चौकटीवर लागला. तो डाग अजून आहे.

आता घरी सांगायचं होतं. मला भगवान हवा होता, आणि पावण्याचं घरही हवं होतं. दोन्ही मिळणार नाही हे मला कळत होतं. तरी मी सांगितलं.

बाबा आरामखुर्चीत होते. देवजी त्यांचं नाव; गावात वजन असलेला माणूस. जमीन गेल्यावर त्यांनी चाळ बांधली होती, कारखान्यांतल्या कामगारांना खोल्या दिल्या होत्या. त्यांनी भगवानचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्याच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, हेही सांगितलं, म्हणजे नंतर कोणी दुसऱ्याने सांगायला नको.

"आमच्यातला नाय."

"नाही."

"खोली मागायला आला असता तर भाड्यानं दिली असती. पोरगी कशी देऊ?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ओटीच्या दाराकडे बोट करून एवढंच म्हणाले, "ह्या दारातून गेलीस तर ह्या दारातून परत यायचं नाय."

ठाण्याला लग्नाची नोंदणी झाली. पंढरीकाका साक्षीदार होते. सहीपुढे त्यांनी सवयीने 'कल्याण' असं लिहिलं. मुक्ताबाईंनी जेवण केलं, त्यात सुकट होतीच. आमच्याकडून कोणी आलं नाही.

बंडू पोटात असताना एक दिवस आई बसने नावड्याला आली. लाडवांचा डबा मांडीवर घेऊन बसली, पाणी प्यायली, खाटेखाली वाकून ते पुठ्ठ्याचं घर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "नंदे, तुझा बाप पुढल्या दाराचं बोलला. मागल्या दाराचं कुठं काय बोलला?"

तेव्हापासून आम्ही जातो. बसमधून उतरायचं, गावाच्या कडेने बांध धरायचा, परसातून शिरायचं. आई चुलीपाशी पाट टाकते. आम्ही हळू बोलतो. पुढे ओटीवर आरामखुर्ची करकरते. बाबा खोकतात. बंडूला वाटतं, खोकणं म्हणजेच आजोबा. मागल्या वेळी परसातल्या पायरीवर सोललेले ताडगोळे होते, पानावर, अजून ओले. आई म्हणाली, मी ठेवले नाहीत. बंडूने सगळे खाल्ले आणि पान परत पायरीवर नेऊन ठेवलं, घडी घालून. त्याला असं कोणी शिकवलं नव्हतं. खुर्ची तेवढा वेळ करकरली नाही.

भगवान येतात कधी कधी. आल्यावर सवयीने चौकटीला हात लावतात. म्हणतात, दार यंदा जास्त फुगलंय, एकदा रंधा मारायला हवा. आई म्हणते, नको. लागेल मग.

मी हे कोणाला दोष द्यायला लिहीत नाही. माझ्याकडे एक खोली आहे, एक माणूस आहे जो कामावरून येताना कपाळाला काही ना काही लावून येतो, एक मुलगा आहे. वाशीला रेल्वे येणार म्हणतात, दरवर्षी म्हणतात. आमची आधीच आलेली आहे.

टिक्... टिक्... खट्.

गाडी घसरली. भिंतीकडच्या वळणावर, जिथे हात पोचत नाही तिथे. फळी सरकवली तेव्हापासून ती बाजू कोणी पाहिलेली नाही.

"बंडू, राहू दे. बाबा आले की काढतील."

"मी काढतो." तो खाटेखाली सरपटत गेला. आधी डोकं, मग चड्डी, शेवटी तळवे दिसेनासे झाले. मी परातीवरचा कागद उलटला. आणखी चार ओळी लिहिल्या.

"सापडलं का इंजिन?"

"सापडलं."

"मग ये बाहेर."

आला नाही. आतूनच, भिंतीच्या बाजूने, त्याचा आवाज आला. रागावलेला नव्हता, रडवेला नव्हता. फक्त नवीन काही दिसलेल्या माणसाचा.

"आई, आजीच्या घराला पुढे पण दार आहे. खुर्ची पण आहे. मग आपण पुढून का नाही जात?"