आत्याच्या मनगटावरची बोटं

ते मोबाइल ठेवा आधी बाजूला. आणि खिदळायचं असेल त्यानं बाहेर जावं, मी परत पहिल्यापासून सांगणार नाही.

आपल्या दुकानाचं फिटिंग करून गेला ना, त्या वायरमनच्या घरी घडलंय हे. त्यानं स्वतः मला सांगितलं, तेही पूर्ण शुद्धीत. पाचेक वर्षं झाली. जानेवारीची एकतीस तारीख, रविवारची रात्र. त्याची दीड वर्षाची पोरगी तापानं फणफणलेली आणि बायको नाईट ड्युटीला. घरी म्हातारी आत्या होती. पोरीला तिच्याजवळ देऊन गडी औषध आणायला निघाला. निघताना बजावलं, "मागच्यासारखा झटका आला तर कुशीवर वळव. तोंडात काही घालू नकोस, डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला नको शिकवू," आत्या फणकारली. "दातखीळ बसली की चमचा घालावाच लागतो. आम्ही काय पोरं पाहिली नाहीत?"

तो परतला तर गल्लीतली लाइट गेलेली. दार नुसतं लोटलेलं. आतून आत्याचा आवाज...

"सोड... सोड म्हणते ना!"

त्यानं टॉर्च मारला. पोरगी ताठ. ओठ निळे. हातपाय झटके देतायत. आत्या तिच्यावर वाकलेली, हातात चमचा. पण हात हवेतच अडलेला. ती जीव खाऊन रेटतेय आणि हात तसूभर हलत नाही. शेजारी...

कुणी नाही.

तसाच धावला बिचारा. पोरीला कुशीवर वळवलं. लाळ गळली. मग... श्वास. मग रडणं.

आत्याच्या हातातून चमचा पडला. तिनं मनगट टॉर्चच्या उजेडात धरलं. चार बोटं आणि अंगठा, लालभडक उमटलेले. अगदी लहान पोराचे.

आत्याला हुंदका फुटला. "माझा मुलगा असाच झटक्यात गेला रे. तीन वर्षांचा. मीच घातला होता चमचा... दात तुटून घशात अडकला. तेव्हा मला कुणी धरलं नाही."

पोरगी ठणठणीत आहे, शाळेत जाते. आत्याच्या मनगटावरच्या खुणा मात्र गेल्या नाहीत. परवा ती दुकानात आली तेव्हा मी पाहिल्या.

ती बोटं... वाढलीयत. तेव्हा अर्ध्या मनगटापर्यंत पोचत होती. आता अंगठा फिरून बोटांना टेकलाय.