यादीबाहेरची पूड

मी प्रयोगशाळेत नोकरीला होतो तेव्हाची गोष्ट. ऐकीव नाही, ज्याच्या जिवावर बेतली, तो माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. आम्ही त्याला काटेमास्तर म्हणायचो. वजनकाट्यापुढे बसला की श्वाससुद्धा रोखून धरायचा.

त्या रात्री काम साधंच होतं. सोळा तारीख, मंगळवार. एका नव्या नशेच्या पुडीवर बारा वाजल्यापासून बंदी लागू होणार होती. त्याआधी नमुन्याची सीलबंद बाटली फळीवरून उचलून कुलपाच्या कपाटात ठेवायची. बस्स.

"म्हणजे तोवर बंदी नव्हती, काका?"

नव्हती ना! तिथंच तर मेख आहे. बंदीच्या यादीत रेणूचं नाव असतं. बनवणाऱ्यानं त्यातला एक अणू काढला, दुसरा बसवला. नशा तीच, वर चौपट. नाव मात्र नवं. झाला यादीबाहेर.

आठ महिन्यांपूर्वी एका शिंपिणीच्या मुलीला कुणीतरी तीच पूड सरबतातून पाजली होती. मिठाच्या कणाएवढी. पोरगी दर मिनिटाला विचारायची, "आई, किती वर्षं झाली गं?" पहाटे गेली.

काटेमास्तरनं अहवाल दिला, 'प्रतिबंधित पदार्थ आढळला नाही.' खोटं नव्हतंच ते. बनवणारा सुटला. शिंपीण आमच्याकडे आली.

"साहेब, मग माझ्या पोरीनं घेतलं तरी काय?"

हा चहा ढवळत म्हणाला, "कायद्यानं विचाराल तर बाई, काहीच नाही."

आणि हसला. मीही हसलो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

तर त्या रात्री अकरा चाळीसला तो आतल्या खोलीत गेला. मी बाहेर, दाराशी. फळीपासून कपाट सहा पावलं. बाटली उचलल्याचा आवाज आला. मग तो कुणाशी तरी बोलला.

"कोण... आत कशी आलीस तू?"

आणि एक कोवळा आवाज.

"आता तरी घेतली ना मी?"

मग काहीच नाही.

मी हाक मारली...

पुन्हा मारली...

दार लोटलं. दिवा चालू. खोलीला खिडकी नाही. आत दुसरं कुणी नाही. तो जमिनीवर, भिंतीला पाठ लावून. बाटली मांडीवर. घड्याळात अकरा सत्तेचाळीस.

सात मिनिटं, पोरांनो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खूप वेळ. मग म्हणाला, "तू... अजून जिवंत आहेस?"

बायको धावत आली. तिचं नाव त्याला आठवेना. मुलं किती, तेही आठवेना. आजही ती भरवते तेव्हा जेवतो. घड्याळ दिसलं की किंचाळतो, म्हणून तिनं घरातली सगळी काढून टाकलीत.

त्याचं रक्त मीच तपासलं. तीनदा. काही आढळलं नाही. तसंच लिहून दिलं.

"मग यांना झालंय तरी काय?" वहिनींनी विचारलं.

मी अहवालावर शिक्का मारला.

असो.

बाटली मी दिव्याखाली धरली होती. सील शाबूत. पूड जिथल्या तिथं. काचेवर फक्त चार बोटांचे ठसे. नाजूक.

रुमालानं पुसायला गेलो. पुसले जाईनात.

आतल्या बाजूनं होते.